गरम झाली की बंद पडणारी गाडी: एका वॉरंटी तक्रारीची हकिकत

पार्श्वभूमी

धायरीतलं एक जोडपं डबे पुरवतं. बायको पहाटे साडेचारला उठून कणीक मळायला घेते, नवरा साडेदहाला डबे गाडीला लावून निघतो. गिऱ्हाईक बहुतेक सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं, शिवाय टिळक रस्त्यावरच्या दोन-तीन दुकानांतली माणसं. दुपारचे ३४ डबे, रात्रीचे त्याहून चार-पाच कमी. गल्लीबोळ धरून एक फेरी पंचवीस किलोमीटरची, म्हणजे दिवसाला पन्नास. जुनी गाडी धूर ओकायला लागली तेव्हा त्याने गुढीपाडव्याचा मुहूर्त साधून १०० सीसीची, त्या कंपनीची सगळ्यात स्वस्त मोटारसायकल घेतली. रस्त्यावर यायला ८४ हजार लागले. २० हजार रोख भरले, बाकीचे हप्ते.

कंपनीचं आणि शोरूमचं नाव इथे मुद्दाम देत नाही. नाव दिलं की वाचणारा ‘ती कंपनी तसलीच’ म्हणून मोकळा होतो, आणि ज्याच्याकडे दुसऱ्या कंपनीची गाडी आहे तो पुढे वाचतच नाही. जे घडलं ते कुठल्याही स्वस्त गाडीच्या बाबतीत घडू शकतं.

मी आठवड्यातून एक संध्याकाळ लोकांना तक्रारअर्ज लिहून द्यायला बसतो. पुण्याला हे काम नवीन नाही. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ इथेच १९७४ मध्ये सुरू केली, म्हणजे ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ मध्ये आला त्याच्या बारा वर्षं आधी. त्यामुळे तक्रार करायची असते हे पुणेकराला सांगावं लागत नाही. येताना कागद घेऊन यायचे असतात, हे मात्र दर वेळी सांगावं लागतं. हा गाडीमालक आला तेव्हा त्याच्या हातात फक्त एक बिल होतं.

अडचण

पहिली मोफत सर्व्हिसिंग ६२० किलोमीटरला, वेळेत झाली. एप्रिलच्या शेवटी, मीटरवर ११४० असताना, गाडी दांडेकर पुलाच्या सिग्नलला बंद पडली. आधी आचके नाहीत, फटफट नाही, फुंकर मारल्यावर दिवा विझावा तशी. किक मारून पाहिली, सेल्फ दाबून पाहिला. मागे हॉर्न, डोक्यावर ऊन, कॅरियरला डबे. ढकलत बाजूला घेतली. वीसेक मिनिटांनी सहज बटण दाबलं तर पहिल्या झटक्यात सुरू.

पुढच्या आठ दिवसांत हे चारदा झालं. दर वेळी फेरीच्या दुसऱ्या अर्ध्यात, दर वेळी गर्दीत सरपटत आल्यावर, आणि दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप ठीक.

मे महिन्याच्या सुरुवातीला तो सकाळी नऊला गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. सकाळी नऊ, कारण साडेदहाला डबे निघतात. म्हणजे इंजिन थंडगार. सुपरवायझरने दोन किलोमीटरचा फेरा मारला, परत आला, म्हणाला, “काही नाही दादा, गाडी मख्खन आहे.” स्कॅनर लावला, त्यावर एरर कोड नव्हता. प्लग साफ करून दिला. याने तोंडी सांगितलं होतं की गरम झाली की बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर, लिहिलं गेलं ‘जनरल चेकअप’. याने न वाचता सही केली. हे कार्ड मी नंतर पाहिलं. तक्रारीच्या रकान्यात तेवढे दोनच शब्द, आणि खाली याची लपेटदार सही.

मेच्या मध्यावर दुसरी खेप. या वेळी निदान झालं: पेट्रोलमध्ये पाणी. ही सबब अगदीच हवेतली नाही. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पंपाच्या टाकीत पाणी शिरलं असेल तर खाली थर बसू शकतो. पण तसलं पेट्रोल पोटात गेलेली गाडी अडखळते, खोकते, उचल घेत नाही. वीस मिनिटं उभी करून तिचं पाणी उडून जात नाही. टाकी साफ केली, नवा प्लग बसवला, ७८० रुपये घेतले. भेसळीच्या इंधनाने झालेला बिघाड वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे बिल ग्राहकाच्या माथी.

आणि मग गाडी चालायला लागली! जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला, हवा गार झाली, पंधरा-वीस दिवस एकदाही बंद पडली नाही. दुसरी मोफत सर्व्हिसिंग ३००० ला करायची होती, ती याने ३४१० ला केली. सुपरवायझर जाताना म्हणाला, “कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या हं दादा, नाहीतर आमचे पैसे कापतात.” याने दहा दिले. माणूस भला आहे.

पालख्या शहरात आल्या त्या दिवशी रस्ते बंद, वाहतूक वळवलेली, मिळेल त्या गल्लीतून पहिल्या गिअरवर सरपटायचं. गाडी तीनदा बंद पडली. शेवटचे अकरा डबे पावणेतीनला पोचले. दोन मुलांनी दुसऱ्या दिवसापासून डबा बंद केला.

तिसऱ्या खेपेला गाठ पडली थेट मॅनेजरशी. त्याने पुढ्यात तीन गोष्टी मांडल्या. एक, हँडलला बाहेरून बसवलेला मोबाइल चार्जर आहे, वायरिंगला हात लागलेला आहे. दोन, दुसरी सर्व्हिसिंग ४१० किलोमीटर उशिरा झाली आहे. तीन, गाडी धंद्यासाठी वापरता. “हे वॉरंटीत बसत नाही. उघडून बघायचं तर मजुरी पडेल.”

यानंतर तो आमच्याकडे आला.

समोरचे पर्याय

सगळ्यात जवळचा पर्याय नऱ्हे फाट्याजवळच्या गॅरेजमध्ये बसला होता. तिथल्या मिस्त्रीने गाडीला हातही न लावता, नुसती लक्षणं ऐकून सांगितलं, “पल्सर कॉइल बघून घ्या.” (त्या नावाच्या गाडीशी या कॉइलचा संबंध नाही. इंजिन फिरतंय आणि नेमकं कुठल्या क्षणी ठिणगी पाडायची, हा इशारा गाडीतल्या कॉम्प्युटरला देणारी ही छोटी गुंडाळी मॅग्नेटच्या झाकणाआड असते. तारेला आत कुठे चीर असेल तर तापल्यावर ती फाकते, इशारा थांबतो, इंजिन त्या क्षणी मरतं. निवाली की टोकं पुन्हा चिकटतात.) नाना पेठेत असा सुटा भाग काहीशे रुपयांत मिळून जातो. खोलून, बसवून, दुपारपर्यंत काम संपलं असतं.

खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. पण अंदाज चुकला असता तर? कंपनीच्या माणसाला झाकणाचं गॅस्केट बाहेर उघडलेलं दिसलं असतं आणि वॉरंटीची पुढची चार-साडेचार वर्षं प्रत्येक बिघाडावर ते एकच उत्तर ऐकायला मिळालं असतं. गाडीमालकाच्या बायकोने हा पर्याय दोन वाक्यांत निकालात काढला: “हप्ता आपण भरतोय ना? मग दुरुस्ती त्यांनी करायची.”

मेहुण्याचा पर्याय वेगळा होता. त्याच्या ओळखीचे एक ‘भाऊ’ होते, चार पोरं घेऊन शोरूमला जाणार होते. असल्या भेटीत त्या दिवसापुरती गाडी आत घेतली जाते, चहा येतो, आणि गाडी पुन्हा तशीच बाहेर येते. कारण बिघाड कुणालाच सापडलेला नसतो. तो दमदाटीने सापडत नाही.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला नेण्याचा मार्ग खुला होता. वॉरंटी कंपनीची असते, एका दुकानाची नव्हे, त्यामुळे कुठलंही अधिकृत सेंटर चालतं. पण तिथेही गाडी थंडच पोचणार आणि तिथेही पहिला शेरा ‘ओके’ असाच पडणार. हा पर्याय आम्ही राखीव ठेवला.

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने यातल्या बऱ्याच गोष्टी सोप्या केल्या आहेत. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ऑनलाइनही दाखल करता येते. पण वस्तूत दोष आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळणार नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि त्याची फी तक्रारदाराकडून भरून घेऊ शकतो. तपासणी लागणाऱ्या प्रकरणांसाठी कायद्यात पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात किती लागतात हे ज्याने तारखा मोजल्या आहेत त्याला विचारा.

इथे माझी एक चूक नोंदवतो. पहिल्या मसुद्यात मी ‘गाडी बदलून मिळावी’ अशी मागणी लिहिली होती. माझ्यासोबत अर्ज लिहायला बसणाऱ्यांत एक निवृत्त वकीलबाई आहेत, त्यांनी ती ओळ खोडली. मारुतीच्या एका मोटारीच्या क्लचवरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं आहे की, वॉरंटीत दोष असलेला भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल तर अख्खं वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. “सगळी गाडी मागितलीत,” त्या म्हणाल्या, “की समोरचा कॉइलसुद्धा देत नाही. तो थेट वकील गाठतो.” गाडीमालकाचा चेहरा पडला, त्याला नवी गाडीच हवी होती. पण मागणी ठरली ती अशी: दोष शोधा, तो भाग वॉरंटीत बदला, ७८० रुपये परत करा.

तपासणीसाठी एआरएआयचंही (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) नाव निघालं. पुण्यात राहून वेताळ टेकडीवरची ती संस्था आठवणारच. १९६६ पासून वाहनांच्या चाचण्यांसाठी देश तिच्याकडे बघतो. पण पल्सर कॉइलसाठी एआरएआय म्हणजे माशी मारायला तोफ.

कागद कुठून आणायचे

आमच्या मते या प्रकरणाचा खरा पेच हा होता. गाडीत दोष आहे, पण तो कागदावर कुठेच नाही. एक जॉब कार्ड ‘जनरल चेकअप’, दुसरं ‘टँक क्लीनिंग’, तिसरं मॅनेजरने उघडलंच नाही, वर फोनवर दहापैकी दहा. हे पाहणाऱ्या कुणालाही वाटेल की ग्राहक खूश आहे आणि आता अचानक त्याला काहीतरी आठवलंय.

उत्तर निघालं डब्यांच्या वहीतून. दोनशे पानी आडवी वही, प्रत्येक पानावर तारीख आणि समोर गिऱ्हाइकांची नावं. डबा चुकला किंवा दीडनंतर पोचला की त्या नावापुढे ‘उ’ लिहायची पद्धत, कारण महिन्याच्या हिशेबात तेवढे पैसे वजा होतात. एप्रिलच्या शेवटापर्यंत पानं कोरी. नंतर एकेका दिवशी ओळीने सात-आठ ‘उ’, तेही नेहमी यादीच्या खालच्या नावांपुढे. बायकोने एका ठिकाणी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘गाडी बंद, दांडेकर पूल’. कुणी पुरावा म्हणून ठेवलेली नव्हती, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसत होता.

दुसरी वस्तू निघाली मोबाइलमध्ये. पहिल्या खेपेच्या आदल्या रात्री त्याने सुपरवायझरला व्हॉट्सअॅप केलं होतं: ‘सर गाडी आज परत बंद पडली गरम झाल्यावर, उद्या आणतो.’ खाली निळी खूण आणि सुपरवायझरचा अंगठा. या एका ओळीने दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या उशिराचा मुद्दा निकाली निघाला. दोष ३४१० ला जन्मला नव्हता, तो साधारण १४०० किलोमीटरलाच कळवलेला होता.

चार्जरवर मात्र आमच्यात वाद झाला. गाडीमालक म्हणत होता, काढून टाकतो आणि टेप गुंडाळतो, कुणाला कळतंय. चार्जर मागच्या महिन्यात बसवलेला नव्हता, गाडी घेतल्याच्या आठवड्यातला होता, आणि हेडलाइटच्या वायरला चीर देऊन जोडलेला होता. म्हणजे तक्रारीची आपली बाजू तिथे खरोखर लंगडी होती. पण मॅनेजरने तो आधीच पाहिलेला. लपवला असता तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय आला असता. शेवटी आहे तसा ठेवला, फोटो काढला, आणि पत्रात स्वतःहून लिहिलं की चार्जर आहे, तपासणीच्या वेळी तो तोडून गाडी चालवून पाहावी.

‘धंद्यासाठी वापर’ हा आक्षेप ऐकायला भारी, पण आत काही नव्हतं. वॉरंटीच्या पुस्तिकेत वगळलेला वापर शर्यतीचा आणि भाड्याने देण्याचा होता. कायद्यातही व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली असली, तरी स्वतःच्या श्रमावर पोट भरण्यासाठी ती स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच धरला जातो.

कारवाई

शोरूमला पत्र हाती देऊन पोच घेतली, कंपनीला तेच स्पीड पोस्टने आणि ईमेलने. पत्र पाऊण पानाचं होतं. पहिल्या मसुद्यात ‘मानसिक त्रास’, ‘फसवणूक’, ‘कायदेशीर कारवाई’ असे शब्द होते. ते काढले आणि त्याजागी तारखा, मीटरचे आकडे आणि ठिकाणं घातली. मधली ओळ अशी होती: ‘इंजिन सुमारे चाळीस मिनिटं चालून गर्दीत आल्यावर बंद पडतं. थंड इंजिनावरच्या छोट्या फेरीत दोष दिसत नाही. तरी इंजिन गरम असताना, माझ्या समक्ष, माझ्या नेहमीच्या मार्गावर चाचणी घ्यावी.’

कंपनीच्या ग्राहक सेवेत तक्रार क्रमांक मिळाला. तीन दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’. कुणी सोडवली? शोरूमनेच फोनवर ‘कस्टमरशी बोलणं झालं’ असं कळवून बंद करून घेतली होती. ही चाल नेहमीची आहे. त्यावर चिडून दहा फोन करण्याऐवजी आम्ही त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, तिला तसा अधिकारच नाही. ती तक्रार कंपनीतल्या ठरलेल्या माणसाकडे पोचवते. पण तिथे पोचल्यावर तिला उत्तर देणारा शोरूमचा मॅनेजर नसतो, हा फरक मोठा आहे. सहाव्या दिवशी कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन आला. शनिवारी येतो म्हणाला.

चाचणी

शनिवारी मीही गेलो. सर्व्हिस सेंटरच्या अंगणात चौघं उभे: एरिया मॅनेजर, शोरूमचा मॅनेजर, एक वयस्क मिस्त्री आणि गाडीमालक. पहिलं काम चार्जरची वायर तोडून सगळ्यांदेखत इन्सुलेशन टेप लावण्याचं झालं. मग एरिया मॅनेजर स्वतः गाडीवर बसला, गाडीमालक मागे, डबे कॅरियरला. डबे रिकामे न ठेवता खरेच भरलेले. शनिवारचाही डबा लागतोच की. मी आणि मिस्त्री स्कूटरवर मागे.

नवले पूल, वडगाव, सिंहगड रस्ता. गाडी मख्खन. दांडेकर पूल आला, गेला. गाडीमालक वळून माझ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो गाडी बंद पडावी म्हणून देवाला हात जोडत असावा. सदाशिव पेठेत निम्मे डबे उतरले. टिळक रस्त्याला लागून सिग्नलला उभे राहिलो, आणि बावन्नाव्या मिनिटाला गाडी गेली.

पुढची पाच मिनिटं मिस्त्रीची. त्याने आधी चावी बंद करून चालू केली आणि टाकीला कान लावला. आतला पंप दोन सेकंद घूंऽ करून थांबला. “पंप बोलतोय,” म्हणाला. मग प्लग काढून टोपीत बसवला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि गाडीमालकाला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. मॅग्नेटकडून येणारा कनेक्टर सोडवून त्यात मीटरच्या पिना घातल्या. मीटरवर आकडाच उमटेना, तार आत तुटलेली असल्यासारखं. त्याने पिना तशाच धरून ठेवल्या आणि आम्ही पदपथावर थांबलो. उरलेले डबे गाडीमालक पायी पोचवून आला. अठरा-वीस मिनिटांनी मीटरवर आकडे हलायला लागले आणि दोनशे ओहमच्या आसपास येऊन थांबले. सेल्फ मारला. सुरू.

नऱ्ह्याच्या मिस्त्रीने न बघता सांगितलेलं तेच निघालं.

एरिया मॅनेजरने पदपथावरच जॉब कार्ड उघडायला लावलं. या वेळी तक्रारीच्या रकान्यात गाडीमालकाचं वाक्य जसंच्या तसं आलं, खाली मीटरचं गरम आणि थंड रीडिंग. शोरूमच्या मॅनेजरबद्दल माझं मत त्या दिवशी थोडं निवळलं. परतताना तो म्हणाला, “काका, कॉइल बदलायला माझं काय जातं? पण जुना पार्ट मला कंपनीला परत पाठवावा लागतो. तिथे तो थंड टेबलावर ओके निघाला की क्लेम रिजेक्ट, पैसे माझ्या बोडक्यावर.” म्हणजे त्यालाही वर दाखवायला कागदच हवा होता. तीन महिने दोघंही एकाच कागदासाठी अडून बसले होते आणि एकमेकांवर डाफरत होते.

परिणाम

कॉइल सुटी मिळेना, कंपनी अख्खा स्टेटर, म्हणजे मॅग्नेटच्या झाकणाआडचा गुंडाळ्यांचा संच, बदलूनच देते. तो यायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस पर्यायी गाडी मिळाली नाही. पुस्तिकेत तसं वचनही नव्हतं. चुलत भावाची स्कूटर मागून आणली, तिला कॅरियर नव्हतं, त्यामुळे दोन-दोन खेपा. भाग फुकट बसला, मजुरी लागली नाही, ७८० रुपये चेकने परत आले. नव्या भागाला नवी पाच वर्षं मिळाली नाहीत. मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच त्याला लागू.

नुकसानीचे काय? एप्रिल ते जुलैमध्ये ३४ पैकी ९ गिऱ्हाइकं गेली. कंपनीने एक सर्व्हिसिंग आणि ऑइल मोफत देऊ केलं. गाडीमालकाने ते घेतलं, पण पोच देताना आमच्या सांगण्यावरून ‘नुकसानभरपाईचा हक्क राखून’ एवढं लिहिलं. आयोगात जायला दोन वर्षं होती. वकीलबाई जा म्हणत होत्या, त्यांच्या मते वही भक्कम होती. बायको नको म्हणाली. “तारखेला हे जाणार, मग डबे कोण नेणार?” याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या खेपेला गाडी सकाळी थंड न नेता दुपारची फेरी संपवून, इंजिन चालू ठेवूनच सर्व्हिस सेंटरच्या दारात न्यायला हवी होती. कदाचित तिथेच बंद पडली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं. डब्याच्या वेळांमुळे ते अवघड होतं, अशक्य नव्हतं.

जॉब कार्डवरचे ते दोन शब्द. ‘जनरल चेकअप’ वाचून सहीआधी “हे नाही, मी बोललो ते लिहा” एवढं म्हटलं असतं तर पहिल्या आक्षेपापासून शेवटच्यापर्यंत काहीच उरलं नसतं. मी आता येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, तुमची तक्रार कार्डवर तुमच्या भाषेत आहे का? दहातल्या आठांना कार्डाची प्रतच मिळालेली नसते, कारण मागितलेली नसते.

७८० रुपये भरले ते चुकलं असं मी म्हणणार नाही. गाडी अडकवून ठेवली असती तर दुसऱ्या दिवशीचा डबा बुडाला असता. बिलावर ‘हरकत नोंदवून भरले’ असं लिहिता आलं असतं, पण काउंटरवर उभं राहून हे सुचायला आधी एकदा तोंड पोळलेलं असावं लागतं.

आमच्या बाजूने सांगायचं तर, गाडी बदलून मागण्याच्या नादात माझा एक आठवडा गेला. आणि १९१५ ला फोन आम्ही कंपनीने तक्रार बंद केल्यावर केला. पत्राबरोबरच केला असता तर तो शनिवार कदाचित आठवडाभर आधी उजाडला असता.

चार्जर आता बॅटरीवरून, मध्ये फ्यूज घालून, त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये बसवून घेतलाय, बिलासकट. मीटरवर अकरा हजार झाले, गाडी एकदाही बंद पडलेली नाही. दांडेकर पुलाच्या सिग्नलला तांबड्या आकड्यांत नव्वद दिसले की आजूबाजूचे सगळे चावी फिरवतात. तो अजून इंजिन बंद करत नाही.